व्याकरण केलं कुणी?

भाषा कुठून आली, यापेक्षा व्याकरण कुठून आलं हा प्रश्न मला अधिक छळतो. शब्दांचं एक वेळ समजू शकतं. कुणीतरी कशाकडे तरी बोट दाखवून काहीतरी आवाज काढला, दुसऱ्यानं तो उचलला, चार जणांत रुळला. पण ‘तिनं पत्र लिहिलं’ आणि ‘तिनं चिठ्ठी लिहिली’ या दोन वाक्यांत क्रियापद बदलतं ते काय म्हणून? लिहिणारी तीच, हात तोच, कागदही बहुधा तोच. तरी क्रियापद लिहिणारीकडे ढुंकून बघत नाही, लिहिलेल्या वस्तूचं लिंग बघतं. बरं, एवढं करून ते निष्ठावान राहावं, तर तेही नाही. ‘ती पत्र लिहिते’, ‘ती चिठ्ठी लिहिते’. वर्तमानकाळात शिरल्याबरोबर स्वारी कर्त्याच्या गोटात. शाळेत याला कर्मणी आणि कर्तरी प्रयोग म्हणतात आणि त्यावर हमखास मार्क जातात. गंमत म्हणजे ज्यांचे मार्क गेले, त्यांनीही बोलताना हा नियम कधी चुकवलेला नसतो. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंही चुकवत नाहीत. मग हा नियम ठरवायला बसलं कोण होतं?

पाणिनी नक्कीच नाही. त्यानं सुमारे ४,००० सूत्रांत जे बांधलं, ते लोकांच्या तोंडी आधीपासून होतं. व्याकरणकार हा सगळं उरकल्यावर पोचणारा माणूस. तो येतो तेव्हा भाषा केव्हाच उभी राहिलेली असते.

हा प्रश्न विद्वानांत बरीच वर्षं बदनाम होता. पॅरिसच्या भाषाशास्त्र मंडळानं १८६६ साली आपल्या नियमावलीतच लिहून टाकलं की भाषेच्या उगमावरचे निबंध स्वीकारले जाणार नाहीत. चिडणं समजण्यासारखं आहे. ज्याला जे सुचेल ते तो लिहीत होता. कुणी म्हणे माणूस प्राण्यांच्या आवाजांची नक्कल करत बोलायला लागला, कुणी म्हणे वेदनेच्या आणि आनंदाच्या उद्गारांतून. मॅक्स म्युलरनं या मतांना ‘भू-भू सिद्धांत’, ‘छी-थू सिद्धांत’ अशा थाटाची टिंगलीची नावं दिली होती. शब्द कागदावर यायला लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली, आणि आपल्या जातीच्या माणसांची हाडं सापडतात ती तीन लाख वर्षांपूर्वीची. मधल्या काळातलं एकही वाक्य जमिनीत सापडणार नाही. पुरावा नाही म्हटल्यावर तोंडाला येईल ते बोलणाऱ्यांचं फावतं.

त्यातही डार्विनचं एक निरीक्षण मला फार शहाणपणाचं वाटतं. १८७१ साली त्यानं लिहिलं की बोलण्याकडे माणसाचा उपजत ओढा आहे, तान्ह्या मुलांच्या बडबडीत तो दिसतो. पण मद्य गाळण्याची, भाकर भाजण्याची किंवा लिहिण्याची उपजत ओढ कुठल्याच मुलाला नसते. म्हणजे भाषा पूर्ण शिकवावी लागत नाही, आणि पूर्ण आतूनही येत नाही. ही गोष्ट तपासण्याची हौस राजेलोकांना त्याच्या फार आधीपासून होती. हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकारानं इजिप्तच्या एका राजाची गोष्ट सांगितली आहे. दोन बाळं माणसाच्या बोलण्यापासून दूर वाढवली आणि ती पहिला शब्द कुठल्या भाषेतला काढतात याची वाट पाहिली. अकबरानंही मुक्या दायांच्या हाती मुलं वाढवून पाहिली. तिथं मुलं काहीच बोलली नाहीत. क्रूर प्रकार होता, आणि प्रश्नही चुकीचा होता. एका मुलाच्या आत कुठली भाषा दडलेली आहे, हे विचारण्यात अर्थ नव्हता. बरीच मुलं एकत्र आली तर काय होतं, हे विचारायला हवं होतं. त्याचं उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. त्याकडे येतोच, पण आधी माणसाबाहेर एक फेरी मारून येऊ.

केनियातली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप या तिघांसाठी तीन वेगळे आवाज काढतात. संशोधकांनी १९८०च्या सुमारास हे आवाज ध्वनिमुद्रित करून जंगलात वाजवले. बिबट्याचा आवाज ऐकून माकडं झाडावर पळाली, गरुडाचा ऐकून वर बघायला लागली, सापाचा ऐकून मागच्या पायांवर उभी राहून गवत न्याहाळू लागली. हे शब्दांच्या बरंच जवळ जातं. जपानमधल्या टिट जातीच्या पक्ष्यांनी तर आणखी पुढची मजल मारली आहे. त्यांचा एक आवाज म्हणजे ‘सावध राहा’, दुसरा म्हणजे ‘इकडे या’. तोशिताका सुझुकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं की दोन्ही आवाज ठरलेल्या क्रमानं ऐकवले तर पक्षी इकडेतिकडे बघत जवळ येतात. क्रम उलटा केला तर फारशी दाद देत नाहीत. क्रमाला अर्थ आहे. मुठीएवढ्या जिवात व्याकरणाचं हे एवढंसं बी सापडावं आणि आपल्या सख्ख्या भाऊबंदांत मात्र ते कित्येक वर्षं शोधून सापडू नये, हे कोडंच होतं.

भाऊबंद म्हणजे चिंपांझी. १९७०च्या दशकात हर्बर्ट टेरेस या मानसशास्त्रज्ञानं निम चिम्पस्की नावाच्या चिंपांझीला हातांच्या खुणा शिकवल्या. नाव अर्थात नोम चॉम्स्कींना डिवचण्यासाठी; भाषा ही फक्त माणसाची उपजत देणगी, असं मानणारे हे भाषाशास्त्रज्ञ. निम शंभराहून अधिक खुणा शिकला. त्याचं सगळ्यात लांब ‘वाक्य’ सोळा खुणांचं होतं. मराठीत ते असं होईल: ‘दे संत्रं मला दे खा संत्रं मला खा संत्रं दे मला खा संत्रं दे मला तू.’ हे वाचून हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. त्याला काय हवंय ते स्पष्ट आहे, कळकळही कमी नाही. पण सोळा खुणांत जे आहे ते तीन खुणांतही होतं. माणसाचं पोर दोन शब्दांवरून पाचांवर जातं तेव्हा तीन नव्या गोष्टी सांगतं. निमची लांबी वाढली, मजकूर वाढला नाही. टेरेस यांनी १९७९ साली तसं प्रामाणिकपणे लिहिलं. आपल्याच कित्येक वर्षांच्या खटाटोपाविरुद्ध निकाल देणारे लोक विरळाच.

मग फरक कुठे आहे? फार काळ लोकांनी तो घशात शोधला. माणसाचं स्वरयंत्र खाली सरकलेलं असतं, म्हणून आपल्याला इतके स्वर काढता येतात, असं सांगितलं जायचं. पुढे लाल हरणाच्या नराचंही स्वरयंत्र खाली सरकलेलं आढळलं, आणि त्याला डरकाळीपलीकडे काही सांगायचं नसतं. २०१६ साली मकाक माकडाच्या तोंडा-घशाचे एक्स-रे चलच्चित्र घेऊन हिशेब मांडला, तर त्यातून समजण्याजोगे शब्द निघू शकले असते असं दिसलं. घसा तयार आहे, चालवणारं डोकं नाही. मग जनुकात शोध सुरू झाला. लंडनमधल्या एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या जवळजवळ निम्म्या लोकांना बोलण्याची अडचण होती. २००१ साली तिचं कारण फॉक्सपी-टू या जनुकातला बिघाड असल्याचं कळलं आणि वर्तमानपत्रांनी ‘भाषेचं जनुक सापडलं’ म्हणून मथळे दिले. पण त्याच जनुकाचं आपल्यासारखंच रूप निअँडरथल माणसातही निघालं, आणि ते मानवात अलीकडे झपाट्यानं पसरलं ही कल्पना २०१८ साली मोठ्या नमुन्यावर तपासल्यावर टिकली नाही. भाषेला हे जनुक लागतं, यात शंका नाही. पण भाषा त्यात लिहिलेली नाही.

मला वाटतं, इतका वेळ आपण एका शहाण्या डोक्याच्या शोधात होतो. ज्याच्यात काहीतरी जादा आलं, असं डोकं. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात जे घडलं त्यानं माझा तरी शोध दुसरीकडे वळला.

तिथल्या मानाग्वा शहरात १९७७ साली कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली, १९७९च्या क्रांतीनंतर मुलांची संख्या वाढली, आणि १९८३पर्यंत दोन शाळांत मिळून चारशेवर मुलं झाली. तोवर ही मुलं आपापल्या घरी, ऐकू येणाऱ्या माणसांत, एकेकटी वाढलेली. घरच्यांशी जेमतेम काम चालेल एवढ्या खुणा प्रत्येकाकडे होत्या आणि प्रत्येकाच्या वेगळ्या. शाळेतले शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवायला बघत होते, आणि ते फारसं जमत नव्हतं. पण शाळेच्या पटांगणात आणि बसमध्ये मुलांचं आपसांत काहीतरी जमायला लागलं होतं. १९८६ साली ज्युडी केगल या भाषातज्ज्ञ तिथं पोचल्या. मुलांनी कुणालाही न विचारता एक खुणांची भाषा उभी केली होती आणि नव्यानं येणारी लहान मुलं ती उचलत होती.

यातला एक प्रयोग मी पुन्हा पुन्हा वाचतो. अॅन सेंगस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००४ साली प्रसिद्ध केला. कर्णबधिरांना एक कार्टून दाखवलं. त्यातल्या मांजरानं एक जड गोळा गिळला आहे आणि ते उतारावरून गडगडत खाली जातं. मग सांगायचं, काय झालं ते. ऐकू येणारा माणूस हातवारे करतो तेव्हा बहुतेक वेळा हात गोल गोल फिरवत तिरका खाली नेतो. गडगडणं आणि खाली जाणं एकाच हालचालीत. घडलेल्याची हुबेहूब नक्कल. पहिल्या तुकडीतले, म्हणजे शाळेत सुरुवातीला आलेले, बरेचसे असंच सांगत. नंतरच्या तुकड्यांतली मुलं, जी लहान वयात आली आणि आधीच्यांकडून शिकली, ती मात्र बहुतेकदा आधी ‘गडगड’ अशी खूण करत, मग ‘खाली’ अशी. दोन वेगळ्या खुणा, एकीमागोमाग एक.

इथं थोडं थांबायला हवं. नंतरच्या मुलांचं सांगणं घटनेपासून दूर गेलं आहे. मांजर आधी गडगडलं आणि मग खाली गेलं असं काही झालेलं नाही, दोन्ही एकदमच झालं. चित्र म्हणून पहिल्यांचीच खूण सरस. पण त्या चित्राचे तुकडे करता येत नाहीत. नंतरच्यांनी चित्र मोडलं, आणि मोडल्यामुळे ‘गडगड’ ही खूण आता ‘वर’बरोबरही लावता येते, आणि ‘खाली’ ही खूण उडी मारण्याबरोबरही. शिकणाऱ्या मुलानं मोठ्यांची नक्कल नीट केली असती तर हे झालं नसतं. त्यानं ती आपल्या सोयीनं केली.

हेच प्रयोगशाळेत घडवून पाहायची कल्पना एडिंबरोच्या सायमन कर्बी मंडळींची. २००८ सालचा त्यांचा प्रयोग आहे. पडद्यावर २७ चित्रं: तीन आकार, तीन रंग, तीन प्रकारच्या हालचाली. प्रत्येकाला एक निरर्थक, यादृच्छिक नाव. एका माणसाला यातली साधारण निम्मीच नावं शिकवायची आणि परीक्षा मात्र सगळ्या २७ची घ्यायची. (अशी परीक्षा घेणारे मास्तर आपल्यालाही भेटलेले असतात.) त्यानं दिलेली उत्तरं, चुकांसकट, पुढच्या माणसाला भाषा म्हणून शिकवायची. मग त्याची उत्तरं त्याच्या पुढच्याला. असे दहा जण. आपण कुणाला तरी काही शिकवतोय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ते बिचारे फक्त आठवायचा प्रयत्न करत होते.

पहिल्या खेपेला भाषा सोपी होत होत कंगाल झाली. मूठभर नावं उरली, आडव्या जाणाऱ्या सगळ्या चित्रांना एकच शब्द. शिकायला सोपी, सांगायला निरुपयोगी. दुसऱ्या खेपेला एक छोटी अट घातली: एकच नाव अनेक चित्रांना पडलं असेल, तर त्यातली चित्र-नावाची एकच जोडी पुढे शिकवायची. आता सोपेपणाबरोबर वेगळेपणही टिकवायला हवं. दहाव्या माणसापर्यंत पोचेतो एका साखळीत काय झालं पाहा: काळ्या चित्रांची नावं ‘न’नं सुरू होतात, निळ्यांची ‘ल’नं, लाल रंगाची ‘र’नं; शेवट ‘की’ असेल तर आडवी चाल, ‘प्लो’ असेल तर उड्या, ‘पिलू’ असेल तर गिरक्या. मधल्या अक्षरांत आकार. हे प्रत्ययच झाले की! कुणी ठरवले नाहीत, कुणी सुचवले नाहीत. आणि या शिस्तीत ‘रेनाना’ असा एक शब्द जुना हट्ट धरून तसाच राहिला होता, कुठल्याच नियमात न बसणारा. ते वाचून मला विलक्षण आनंद झाला. अपवादाशिवाय व्याकरण असतं का कुठे?

माझं म्हणणं एवढंच आहे की व्याकरण हे हुशारांचं काम वाटतं, पण ते विसरणाऱ्यांनी केलेलं दिसतं. भाषा दर पिढीत एका अरुंद वाटेतून जाते. कुठल्याही मुलाच्या कानावर सगळी वाक्यं पडत नाहीत. पडतात त्यातलीही बरीच निसटतात. जे सुटं सुटं पाठ करावं लागतं ते गळतं, आणि थोड्यावरून बाकीचं जुळवता येतं ते पार पडतं. हजारो पिढ्या हे चाललं की जे उरतं त्याला आपण नियम म्हणतो. लक्षात सगळं राहिलं असतं, तर नियमाची गरजच काय होती?

मुलं हे आपल्यासमोर रोज करतात. आमच्या घरातली एक तीन वर्षांची व्यक्ती ‘मी करलं’ म्हणते. ‘बसलं’, ‘हसलं’, ‘धरलं’, मग ‘करलं’ का नाही? हा शब्द तिनं कुठल्याही मोठ्या माणसाकडून ऐकलेला नाही. ‘करलं नाही गं, केलं म्हण,’ असं तिच्या आईनं समजावल्यावर तिनं शहाण्यासारखी मान डोलावली आणि म्हणाली, ‘हो, मी नीट करलं.’ ‘केलं’ टिकून आहे ते केवळ दिवसातून शंभरदा कानावर आदळतं म्हणून. क्वचित लागणारं क्रियापद असतं, तर मुलांनी त्याला कधीच सरळ करून टाकलं असतं.

आता हे ‘करून टाकलं’ बघा. यात कुणी काही टाकलेलं नाही. ‘विसरून बसलो’ म्हणणारा उभा असू शकतो. ‘रडू लागली’ यात काही कुठे लागलेलं नाही. ही पूर्वी रोखठोक कामं करणारी क्रियापदं आता दुसऱ्या क्रियापदामागे उभी राहून नुसती छटा देतात. शब्दयोगी अव्ययांत तर अख्खं शरीर सापडतं: अज्ञानापोटी, हट्टापायी, परीक्षेच्या तोंडावर. ‘मुळे’त झाडाचं मूळ आहे, आणि ‘पावसामुळे’ म्हणताना ते कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. जगभर असंच घडतं. लॅटिनमधलं ‘(आपल्या)जवळ असणं, बाळगणं’ सांगणारं क्रियापद झिजत झिजत फ्रेंच भविष्यकाळाचा प्रत्यय होऊन बसलं. पापुआ न्यू गिनीतल्या टोक पिसिन या भाषेमध्ये ‘पुढेमागे, यथावकाश’ अशा अर्थाचं ‘बाइम्बाइ’ होतं, ते ‘बाइ’ होऊन भविष्यकाळाची खूण झालं. ओघ जवळजवळ नेहमी याच दिशेनं, ठसठशीत अर्थाकडून पुसट कामाकडे. त्यावरून बेर्न्ड हाइने आणि तानिया कुटेव्हा या अभ्यासकांनी उलटा प्रवास केला. आजचे प्रत्यय कालचे शब्द असतील, तर मागे मागे जात एका टप्प्यावर प्रत्यय नाहीत, अव्ययं नाहीत, फक्त नामं आणि क्रियापदं उरतात. मला हा तर्क पटतो. त्याआधीचं काही अजून शिल्लक आहे का? भाषाशास्त्रज्ञ रे जॅकेन्डॉफ म्हणतात, आहे. ज्या शब्दांना वाक्यच लागत नाही ते. आपली केवलप्रयोगी अव्ययं घ्या. ‘छे’, ‘शी’, ‘अय्या’, ‘हुश्श’. यांना ना लिंग, ना वचन, ना काळ. शाळेत हा धडा सगळ्यात शेवटी आणि घाईनं उरकतात. खरं तर तो पहिला असायला हवा.

यानं सगळं सुटत नाही. चिंपांझीही एकमेकांकडून शिकतात, दगडानं कवची फळं फोडण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालते, पण त्यातून व्याकरण निघालं नाही. म्हणजे शिकणाराही विशेष हवा. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो यांचा भर सहकार्यावर आहे: माणसाचं मूल वर्षाचं होताहोता नुसतं ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवतं, मागायला नव्हे, वाटून घ्यायला. चॉम्स्की आणि त्यांचे सहकारी २००२ साली म्हणाले, मुख्य गोष्ट एकच, वाक्याच्या पोटात वाक्य घालण्याची क्षमता, बाकीचं प्राण्यांतही थोडंफार आहे. चॉम्स्की ती क्षमता एकदम, एका झटक्यात आली असं मानतात. या झटक्यावर माझा विश्वास बसत नाही. ज्याच्यात तो पहिल्यांदा आला तो बोलला कुणाशी? पण वाक्याच्या पोटातल्या वाक्याचं महत्त्व मी मानतो. ‘तिला वाटतं, की त्याला ठाऊक आहे, की मी रागावलोय.’ एका डोक्यात दुसरं, दुसऱ्यात तिसरं. अशी वाक्यं ज्या भाषेत अजून नीट घडलेली नाहीत, ती बोलणाऱ्यांना दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं का?

हेही निकाराग्वात तपासलं गेलं. जेनी पायर्स आणि सेंगस यांनी चित्रमालिकेवरून प्रश्न विचारले. एकानं खेळणं एका जागी ठेवलं, तो बाहेर असताना दुसऱ्यानं ते हलवलं; पहिला परत येईल तेव्हा कुठे शोधेल? चार-पाच वर्षांच्या मुलांना बहुधा जमणारा हा प्रश्न. २००१ साली पहिल्या तुकडीतले, आता विशी ओलांडलेले, कामधंदा करणारे लोक यात अडखळले; ‘वाटणं’, ‘ठाऊक असणं’ यांच्या खुणाही त्यांच्या बोलण्यात फार क्वचित यायच्या. धाकट्या तुकडीला दोन्ही जमत होतं. मधल्या काळात धाकटे शाळा संपवून मोठ्यांच्या संघटनेत यायला लागले, गप्पाटप्पा व्हायला लागल्या. २००३ साली तीच मोठी माणसं पुन्हा तपासली, तेव्हा मनातल्या गोष्टी सांगणाऱ्या खुणा ती अधिक वापरत होती, आणि खेळणं कुठे शोधलं जाईल याचं उत्तरही पूर्वीपेक्षा बरोबर देत होती.